जुने ‘आवाज’ जमवताना: बांधीव खंड की सुटे अंक?

‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाचे जुने अंक जमवायला निघालेल्यापुढे लवकरच दोन वाटा येतात. एखादं वाचनालय बंद पडलं की बाहेर येणारे, दोन-तीन वर्षांचे अंक एकत्र शिवलेले जाडजूड खंड. नाहीतर रद्दीवाल्याकडे, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एकेक करून हाती लागणारे सुटे अंक. माझ्याकडे दोन्ही आहेत, पण हल्ली भर पडते ती सुट्यांतच.

खंडांची बाजू लंगडी नाही, हे आधीच सांगतो. एका फटक्यात ओळीनं वर्षं मिळतात, पुठ्ठ्यामुळे कोपरे शाबूत राहतात, आणि टेबलावर ठेवून निवांत कथा वाचायच्या तर याहून सोयीचं काही नाही. वाचनालयाचे शिक्के मला खटकत नाहीत. कुण्या सभासदानं समासात पेन्सिलीनं मारलेला शेरा कधीकधी छापील विनोदापेक्षा सरस निघतो.

घोडं अडतं ते खिडकीपाशी. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला हा दिवाळी अंक लोकांच्या लक्षात राहिला तो खिडकीचित्रांमुळे. वरच्या पानाला कापलेल्या चौकटीतून खालच्या चित्राचा नेमका तेवढाच तुकडा दिसतो, मनात नको ते येतं, आणि पान उलटावं तर अगदी सोज्वळ प्रकार! सगळा खेळ दोन पानं एकमेकांवर चपखल बसण्याचा. बाइंडरनं कडेनं टाके घातले की अंक पुरता उघडत नाही. वरचं पान फुगून उचललं जातं, तुकडा सरकतो आणि चावटपणाच्या जागी कुणाचं तरी कोपर दिसतं. बोटानं पान दाबून धरलं तर जमतं म्हणा, पण विनोद असा दाबून धरून हसणं मला तरी साधत नाही. त्यात वाचनालयातल्या खिडक्या पुष्कळ बोटांनी उचकटलेल्या. कोपरे फाटलेले, त्यावर चिकटपट्टी, आणि ती तपकिरी होऊन चित्रातच मुरलेली. माझ्या एका खंडात तर खिडकीचं पानच गायब आहे. नेणाऱ्याची आवड चांगली होती एवढंच म्हणेन.

सुट्या अंकांच्या पिना गंजतात, कडा ठिसूळ होतात, कसर लागते, आणि हवं ते वर्ष हवं तेव्हा कधीच मिळत नाही. पण खिडकी चालते. स्कॅन केलेल्या प्रतीत तर खिडकी म्हणजे नुसती छापील चौकट, तो पर्याय मी धरतच नाही.

तुम्हाला मुख्यतः कथाच वाचायच्या असतील तर खंड खुशाल घ्या, माझी तक्रार तुम्हाला फारशी जाणवणार नाही. हास्यचित्रांसाठी जमवत असाल तर मात्र सुट्यांची वाट पाहावी असं मला वाटतं. अंक हातात आला की आधी खिडकीची पानं उघडून पाहा. ती धड असतील तर मुखपृष्ठ फाटलेला अंकही मी घेतो; भावाची घासाघीस त्यानंतर.