पऱ्यात काय घालायचं: सुटे दगड की गॅबियन?

22 जुलै 2021 च्या पुराच्या रात्रीनंतर कोकणातल्या वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खोऱ्यांत पुराचं बोलणं निघालं की गाडी नदीतल्या गाळावर येते. गाळ काढायला हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ते काम यंत्रांचं आणि सरकारचं. डोंगरातल्या वाडीला स्वतःच्या हातानं करता येतं ते वरचं काम: पऱ्यातून, म्हणजे डोंगरातल्या लहान ओढ्यातून, धडाधड खाली येणारं पाणी थोडं रखडवणं. त्यासाठी सुट्या दगडांचे बुटके बांध घालावेत की गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेला बांध, एवढाच इथला प्रश्न.

मातीच्या गोण्या रचून केलेला वनराई बंधारा या तुलनेत नाही. तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरलेलं पाणी धरायला असतो आणि पावसाआधी त्याच्या गोण्या काढून ठेवायच्या असतात. लाकडाचे बांधही बाजूला ठेवतो. इंग्लंडात ते चालतात. पिकरिंग गावाच्या वरच्या अंगाला ओंडक्यांचे 167 बांध, त्याशिवाय झाडं आणि पाणी साठवायचा एक मोठा मातीचा बांध, असं मिळून डिसेंबर 2015 च्या पुराचा माथा, म्हणजे ऐन भरातला लोंढा, 15 ते 20 टक्क्यांनी उतरल्याचा अंदाज निघाला. पण तिथे तेव्हा 36 तासांत सुमारे 50 मिलीमीटर पाऊस पडला होता. आपल्याकडे तेवढा तासाभरात पडू शकतो; 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलीमीटर नोंदला गेला. शिवाय आपल्याकडे ओंडक्याला दोन वर्षांत वाळवी लागते, आणि सुटलेला ओंडका खालच्या साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, आडवा बसला की बांध नसता तर बरं होतं असं म्हणायची पाळी येते.

आधी हिशेब, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. पऱ्याचा तळ तीन मीटर रुंद, उतार दहा टक्के आणि बांध पाऊण मीटर उंच धरला, तर मागे पाणी साडेसात मीटरपर्यंत चढतं आणि साठतं जेमतेम आठ-साडेआठ घनमीटर. दोन हेक्टर डोंगरावर तासात 50 मिलीमीटर पडला आणि जमीन आधीच पिऊन तुडुंब झालेली असली, तर सातशे घनमीटरच्या आसपास पाणी खाली येतं. म्हणजे नुसतं साठवायचं म्हटलं तर त्या एका तासासाठी ऐंशीवर बांध हवेत. बांधाचं खरं काम पाण्याची धाव मोडण्याचं. प्रत्येक पायरीवर ते अडखळतं, थोडं काठाबाहेर पडीक खाचरात पसरतं, आणि सगळ्या पऱ्यांचं पाणी एकाच वेळी साकवाखाली पोचत नाही.

इथे एक घोळ असतो. पाणलोटाची बहुतेक मापं घाटावरच्या दुष्काळी गावांसाठी ठरलेली आहेत. तिथे पाणी आणि माती धरून ठेवायची असते, त्यामुळे बांध गाळानं भरला की काम फत्ते. पुरासाठी तोच बांध दोन सरींच्या मधल्या वेळात रिकामा झाला पाहिजे. दोन्ही पर्याय या कसोटीवर बघा, नाहीतर गॅबियन दिसायला नेहमीच सरस वाटेल.

आणि गॅबियनच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. त्याच्या भिंती उभ्या राहतात, त्यामुळे उंचीच्या मानानं दगड कमी लागतो. तीन मीटरच्या पऱ्यात मीटरभर उंचीचं गॅबियन पाया, दोन्ही काठांत शिरलेले पंख आणि खालची गादी (पडणारं पाणी झेलायला अंथरलेला जाळीतला दगड) धरून दहा घनमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन ब्रास दगडात बसतं. पाऊण मीटरच्या सुट्या बांधाला, वरच्या अंगाला एकास एक आणि खालच्या अंगाला एकास तीन असा उतार द्यायचा म्हटला तर पायासकट अडीच ब्रास लागतो. उंची दोघांना सारखी दिली तर सुटा बांध दगड जास्त खातो. पाणलोट चार-पाच हेक्टरच्या पुढे गेलं की सुटे दगड टिकणारही नाहीत, तिथे जाळी लागतेच.

पण गॅबियन बांधणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन बाय एक बाय एक मीटरच्या एका पेटीत सव्वातीन टनांच्या आसपास दगड जातो आणि तो हातानं लावावा लागतो, निदान दर्शनी बाजूंना तरी. ट्रॉली मागे लावून दगड ओतला की पोकळ्या राहतात, पहिल्या पुरात दगड बसतो आणि पेटीचं पोट सुटतं. पेटी एक तृतीयांश भरली की समोरासमोरच्या बाजू आतून तारेनं ताणायच्या, दोन तृतीयांशाला पुन्हा. हे टाळलेलं काम लांबूनही ओळखू येतं. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा हवा, 7.5 सेंटिमीटरचं भोक असेल तर 15 सेंटिमीटरच्या खालचा दगड घेऊ नये. तार 12 ते 14 गेजची, जस्ताचा मुलामा असलेली. तरीही गोटे वाहून आणणाऱ्या पऱ्यात मुलामा आधी माथ्यावरचा घासला जातो आणि गंज तिथूनच धरतो. खालच्या अंगाला उंचीच्या दुप्पट लांबीची गादी नसेल तर पडणारं पाणी पायथा उकरतं आणि पेटी पुढे झुकते.

एवढं सगळं चोख केलं तरी माझी तक्रार उरतेच, आणि माझ्यापुरता निकाल तिनंच लावला. ती पालापाचोळ्याची.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत डोंगरावरचा वर्षाचा पाला एकदम खाली येतो. त्यात सागाची पानं वाईट. ओलं पान जाळीवर पत्रावळीसारखं चिकटतं, त्यावर दुसरं, मध्ये बारीक माती आणि वेफर्सची पाकिटं. सुट्या दगडांच्या बांधाचंही हेच होतं, पण तिथे सर ओसरल्यावर दोघांनी दाताळं घेऊन वरचा थर ओढला, चार दगड उचलून परत लावले की पाणी पुन्हा झिरपायला लागतं. गॅबियनमध्ये पाला जाळीच्या आत शिरतो. बाहेरून ओढून तो निघत नाही. नीट साफ करायचं तर झाकणाची तार सोडा, दगड काढा, परत भरा, परत बांधा, आणि हे जुलैत, लावणीच्या दिवसांत. कोणी करत नाही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोकळ्या मातीनं भरतात, वर गवत उगवतं आणि झिरपणाऱ्या बांधाची आंधळी भिंत होते. मागचं डबकं मोठ्या पावसाआधीच भरलेलं असतं, म्हणजे पुरासाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

याच्याही पुढचं दुखणं काठाचं. मधून वाट न मिळालेलं पाणी कडेनं वाट काढतं. पंख काठात मीटरभर आत गेलेले नसले तर लाल माती भराभर कापली जाते, गॅबियन मध्ये शाबूत उभं आणि पऱ्या त्याला वळसा घालून कोणाच्या तरी खाचरातून वाहतोय, असं चित्र दिसतं. ज्याचं खाचर गेलं तो पुढच्या वर्षी बैठकीला येत नाही, आणि त्याच्या हद्दीतले बाकीचे बांधही मग थांबतात. सुटा बांध फुटला तर मधून फुटतो. दगड दहा-वीस मीटर खाली सापडतात आणि भांडण होत नाही. गावकीच्या कामात हा फरक मला तांत्रिक फरकाइतकाच मोठा वाटतो.

अर्थात सुटा बांधही कसाही रचून चालत नाही. तळ 25 ते 30 सेंटिमीटर खोदून दगड बसवायचा, दोन्ही काठांत अर्धा मीटर आत न्यायचा. माथा मधे कडेपेक्षा वीत-दीड वीत खाली ठेवायचा, म्हणजे चढलेलं पाणी मधूनच उतरेल. बांध फुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सपाट माथा. सगळ्यात वजनदार दगड खालच्या उतारावर आणि माथ्यावर, बारीक दगड पोटात. फटी मातीनं लिंपायच्या नाहीत. उंची पाऊण मीटर, फार तर एक, आणि उतार वीस टक्क्यांच्या वर असेल तर ती जागा सोडून द्यायची. दोन बांधांतलं अंतर असं धरावं की खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी सम यावा: दहा टक्के उताराला साडेसात मीटर, पाच टक्क्यांना पंधरा.

दगड काळा, कोनाचा घ्यावा. जांभा हलका, पाणी त्याला सहज उचलतं. पऱ्यातले गुळगुळीत गोटे घरंगळतात, आणि ते तळातून उपसले की तळच सैल होतो. शेताच्या मेरेवर वर्षानुवर्षं टाकलेला दगड सगळ्यात चांगला, मात्र मालकाला विचारून.

विचारणं हेच मोठं काम. सातबारावर दहा-बारा नावं, निम्मी मुंबईला. म्हणून जागेची पाहणी आणि संमती शिमग्याला, रचण्याचं काम मे महिन्यात चाकरमानी गावी असताना, आणि डागडुजी गणपतीत, असं जमवता येतं. तेव्हा हात मिळतात आणि तोवर पहिल्या दोन महिन्यांत काय हललं तेही दिसतं. गॅबियनला दुरुस्ती कमी हे खरं, पण जी लागते तिला तार, पक्कड आणि जाळी बांधता येणारा माणूस लागतो. तो गणपतीत सापडेलच असं नाही.

डोंगरउतारावर एकाच पातळीत आडवे खणलेल्या समतल चरांबद्दल थोडक्यात. 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी बसतं, साठ्याच्या दृष्टीनं तो दोघांपेक्षा स्वस्त. पण सह्याद्रीच्या तीव्र उतारावर, जिथे माती जाड आणि खाली कातळ आहे, तिथे पाणी मुरवणं मला जोखमीचं वाटतं. जमिनीला भेगा असतील किंवा आधी दरड आली असेल, तर भूवैज्ञानिकानं पाहिल्याशिवाय कुदळ लावू नये.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. गावाच्या लगत नदीला मिळणारा पऱ्या बहुधा नदीचा लोंढा येण्याआधीच रिकामा होतो. त्याला रखडवलं तर त्याचं पाणी नेमकं नदीच्या पुराच्या माथ्यावर जाऊन पडेल. म्हणून सुरुवात खोऱ्याच्या वरच्या टोकाला करावी. मोजमापासाठी साकवाच्या खांबावर अर्ध्या-अर्ध्या फुटाचे रंगाचे पट्टे आणि पाणी कुठल्या पट्ट्याला किती वाजता लागलं याची वही, एवढं पुरतं. आमचा भरवसाही अशाच नोंदींवर आहे, त्यामुळे टक्क्यांत उत्तर मागू नका. मध्यम सरींत फरक जाणवतो. 2021 सारख्या रात्री यातलं काहीही पूर थांबवणार नाही.

ज्या गावाकडे योजनेतून जाळी मंजूर आहे, पाणलोट मोठं आहे आणि वर सागाचं रान नाही, त्यांनी गॅबियन जरूर घालावं. बाकीच्यांनी, माझ्या मते, वरच्या पऱ्यांत तीस-चाळीस बुटके सुटे बांध रचावेत आणि रस्त्याखालच्या मोरीच्या किंवा साकवाच्या वर पन्नासेक मीटरवर एकच गॅबियन ठेवावं. ते पाण्यासाठी नाही. वरचा एखादा बांध फुटलाच तर त्याचे दगड मोरीत जाऊन बसू नयेत म्हणून. तिथे ते गाळानं भरलं तरी बिघडत नाही, फक्त पंख मीटरभर काठात हवेत आणि दर मे महिन्यात मागे अडकलेला दगड काढून वर नेऊन टाकायचा.