दहा महिन्यांचा अनुभव : ४के मॉनिटर आणि मधूनच काळी पडणारी स्क्रीन

गेल्या ऑगस्टमध्ये मी डेस्कटॉपसाठी २७ इंची ४के मॉनिटर घेतला. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहत्या घरातच माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम चालते. द्राक्षे आणि बेदाणे बाहेर पाठवणाऱ्यांच्या खोक्यांची लेबले, माहितीपत्रके आणि अधूनमधून एखादे मराठी पुस्तक, असे त्याचे स्वरूप आहे. रोज सात-आठ तास याप्रमाणे दहा महिने वापर झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. त्यातला मोठा भाग डिसेंबरात सुरू झालेल्या एका त्रासाविषयी आहे, कारण त्या त्रासापायी मी हा उत्तम मॉनिटर परत करायला निघाले होते.

आधी मॉनिटरविषयी. ३८४० × २१६० बिंदू २७ इंचांत बसवल्यामुळे दर इंचाला सुमारे १६३ बिंदू मिळतात आणि देवनागरीच्या कामात हा फरक फार जाणवतो. जुन्या मॉनिटरवर ‘सर्वांना’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार लहान टाइपात एकमेकांत मिसळत, आणि ‘द्ध’ आहे की ‘ध्द’ हे ठरवायला पान मोठे करून पाहावे लागे. आता मुद्रितशोधन स्क्रीनवरच होते. स्टँड मात्र पुरेसा उंच होत नाही. मी खाली दोन जाड शब्दकोश ठेवले आहेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी वाढली आणि स्क्रीन मधूनच काळी पडू लागली. दोन-तीन सेकंद काहीच दिसत नसे आणि मग चित्र जसेच्या तसे परत येई. दुकानातल्या तंत्रज्ञाने फोनवरच सांगितले, “मॅडम, पॅनेल गेलं असेल.” पॅनेल म्हणजे मॉनिटरचा चित्र दाखवणारा पडदा. मला ते पटले नाही. स्क्रीन काळी होताना त्याच पॅनेलवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे क्षणभर उमटत होती, म्हणजे पॅनेल आणि त्यामागचा प्रकाश दोन्ही चालू होते. (ज्यांची स्क्रीन काळी पडून तशीच राहते त्यांनी अंधारात टॉर्च तिरकी धरून पाहावी; आत पुसट चित्र दिसले तर मागचा प्रकाश गेला आहे, असे समजावे.) त्या काही सेकंदांत लावलेले गाणे थांबत नव्हते आणि कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवाही लागत होता, त्यामुळे संगणक आणि त्याचा पॉवर सप्लाय यांच्याकडे बोट दाखवता येत नव्हते. भावाचा लॅपटॉप त्याच केबलने जोडला, तेव्हा त्यावरही तेच घडले. संगणकात चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्डही त्यामुळे सुटले. उरली ती केबल.

ती संगणकाकडून मॉनिटरकडे चित्र नेणारी पाच मीटरची जुनी एचडीएमआय केबल होती. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर एचडीएमआय २.० लागते, ज्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे, आधीच्या १.४ मध्ये ४के चित्र ३० वेळांपर्यंतच जाते. केबल क्षमतेच्या काठावर चालत होती हे उघड होते, पण मग ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ती नीट कशी चालली, हा प्रश्न मला सोडेना. मी प्रत्येक वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपू लागले. आठ दिवसांनी पाहिले तर बहुतेक नोंदी दाराची बेल वाजल्याच्या, कुकर बंद करायला गेल्याच्या, चहा घेऊन परत बसल्याच्या होत्या. स्क्रीन काळी पडत होती ती मी खुर्चीवरून उठताना किंवा खुर्चीत बसताना.

खुर्ची गॅसवर खालीवर होणारी आहे. कोरड्या हवेत अशा खुर्चीच्या धातूच्या भागांवर स्थिर विद्युत साठते आणि उठता-बसता तिची बारीक ठिणगी पडते; त्या ठिणगीतून निघणारी विद्युतचुंबकीय लहर धातूचे आवरण कमी असलेली लांब केबल अँटेनासारखी पकडते, संकेत तुटतो आणि तो पुन्हा जुळेपर्यंत स्क्रीन काळी राहते. यूएसबीवरून मॉनिटर जोडण्याचे तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीनेही आपल्या मदतपर माहितीत गॅसच्या खुर्च्यांचा असा परिणाम नोंदवला आहे. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून तेव्हा काही जाणवले नाही. खात्रीसाठी मी त्या खुर्चीत वीस वेळा बसले-उठले, तेव्हा सात वेळा स्क्रीन गेली. स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर वीस वेळांत एकदाही गेली नाही.

त्यानंतर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे, म्हणजे १८ गिगाबिटसाठी तपासल्याचे, प्रमाणपत्राचे लेबल असलेली दोन मीटरची केबल आणली. त्याच खुर्चीवर वीसपैकी एकदाही स्क्रीन काळी झाली नाही, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंतच्या द्राक्षांच्या ऐन हंगामातही हा प्रकार पुन्हा घडला नाही. पॅनेल बदलण्याचा आग्रह मी मान्य केला असता तर नव्या पॅनेलवरही हेच झाले असते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण कितीतरी जण तो खर्च करत असतील.

मार्चमध्ये मात्र दोनदा वेगळाच अंधार झाला. या वेळी ‘नो सिग्नल’ आले नाही आणि चित्रही आपोआप परतले नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबल्यावर बीप वाजून चित्र आले, कारण त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, म्हणजे ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाला होता. आदल्याच आठवड्यात तो अद्ययावत झाला होता; मी आधीची आवृत्ती बसवली आणि तेव्हापासून तो त्रास नाही.

मॉनिटर मी ठेवला आहे आणि पुन्हा घ्यायचा झाला तरी हाच घेईन. पाच मीटरची ती जुनी केबल बाहेरच्या खोलीत ४केच्या चौथाई बिंदूंच्या १०८०पी टीव्हीला लावली आहे, आणि तिथे ती विनातक्रार चालते.