मर्सी की साशा? पहिली मालिका निवडताना

पॅरानॉर्मल रोमान्स वाचायचाय, सुरुवात कुठून करू? ऑफिसातल्या, सोसायटीतल्या, भाचीच्या कॉलेजातल्या मुली मला हे सारखं विचारतात. बहुतेकींचं पहिलं म्हणणं असतं, व्हॅम्पायर नको, लांडगा चालेल. लांडगा की व्हॅम्पायर हे मागाहून ठरवता येतं. आधी ठरवायचं ते हे, की तुम्हाला पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अमानवी शक्तींच्या जगातली प्रेमकथा हवीय, की अर्बन फँटसी, म्हणजे खऱ्याखुऱ्या शहरात जादू वावरते अशी गोष्ट. दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात, दोन्हींत माणसाचा लांडगा होतो, दोन्हींत प्रेमही असतं. तरीही एकीची भूक घेऊन दुसरीकडे गेलात तर उत्तम पुस्तकही शंभराव्या पानावर मिटून ठेवाल आणि हा प्रकारच आपला नाही म्हणाल. तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

दोन मालिका घेते. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन ही अर्बन फँटसी, आणि नलिनी सिंगची साय-चेंजलिंग हा पॅरानॉर्मल रोमान्स. दोन्ही २००६ साली सुरू झाल्या, दोन्हींतलं नवं पुस्तक २०२४ मध्येही आलं, आणि दोन्ही मी जीव लावून पुन्हा पुन्हा वाचते.

रोमान्सचा एक करार आहे. गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथाच असायला हवी, आणि शेवट सुखाचा व्हायला हवा. हिडिंबा आठवा. भीमावर तिचा जीव जडतो, ती देखणं मानवी रूप घेते, त्याच्यासाठी सख्ख्या भावाचं ऐकत नाही, शेवटी कुंतीचा होकारही मिळवते. इथवर हा अस्सल पॅरानॉर्मल रोमान्स आहे. पण भीम मुलगा होईपर्यंतच तिच्याजवळ राहतो, आणि मग पांडव पुढच्या वाटेला लागतात. हा शेवट आजच्या रोमान्समध्ये चालणार नाही. पुरूरवा-उर्वशीचाही नाही. काही जण यावर नाक मुरडतात, शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला म्हणतात. मला ते पटत नाही. शेवटी ही दोघं एकत्र येणार याची खात्री असते, म्हणूनच मधल्या यातना वाचक पूर्ण सोसू शकते. खात्री नसती तर ती स्वतःला सांभाळत, थोडी लांबून वाचत राहिली असती.

अर्बन फँटसी असा शब्द देत नाही. तिथे मध्यभागी एक माणूस, एक शहर आणि एक भानगड असते. प्रेम वाढतं ते भानगडीतून उसंत मिळेल तसं.

मर्सी फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीज भागात तिचं स्वतःचं गॅरेज आहे. ती कोयोटीचं, म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या रानकुत्र्यासारख्या प्राण्याचं रूप घेऊ शकते, पण तिला लहानाची मोठी केली ती लांडगामाणसांच्या टोळीने. त्यामुळे लांडग्यांचे सगळे रीतिरिवाज तिला पाठ, आणि तरी ती त्यांच्यातली नाही. पहिल्या पुस्तकात, मून कॉल्डमध्ये, एक पोरगा काम मागायला गॅरेजवर येतो, आणि तिथून धागा सुटत जातो.

या मालिकेत प्रेम कसं रंगतं याचा नमुना सांगते. मर्सीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक मोडकी फोक्सवॅगन रॅबिट उभी असते, सुट्या भागांसाठी ठेवलेली. शेजारी राहतो अॅडम. तो लांडग्यांच्या टोळीचा प्रमुख, कमालीचा टापटिपीचा, आणि त्याच्या घरातून ही गाडी दिसते. अॅडमने हुकूम सोडला, नको तिथे नाक खुपसलं, की मर्सी त्या गाडीचं आणखी काहीतरी काढून ती अधिकच भकास करून ठेवते. भांडणाचा शब्दही नाही. तोही काही करत नाही, फक्त रोज बघत राहतो. त्या गाडीमुळे या दोघांबद्दल जे कळतं ते पानभर कबुलीजबाबातून कळलं नसतं. दोघांच्या लग्नासाठी तुम्हाला सहाव्या पुस्तकापर्यंत, म्हणजे २०११च्या रिव्हर मार्क्डपर्यंत थांबावं लागतं. मधल्या काळात दुसरा एक लांडगाही तिच्यासाठी झुरत असतो, आणि मर्सी निवड करते ती कुणाच्या रुबाबाला भुलून नव्हे, आपण कुणाजवळ स्वतःसारखे राहू शकतो हे पाहून. या संथपणाची मला ओढ आहे.

साय-चेंजलिंगची पहिली नायिका साशा डंकन, तिची गोष्ट उलट्या टोकाची. साल २०७९. साय नावाची माणसं मनाच्या शक्तीने जगावर राज्य करतात, पण वेड आणि हिंसेच्या भीतीने त्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या भावनाच पुसून टाकायला सुरुवात केली. या व्यवस्थेचं नाव सायलेन्स. जिच्यात भावना सापडतील तिचं मन कोरं केलं जातं. साशाला सगळं जाणवतं, आणि ती ते चेहऱ्याआड दडवून जगते. तिची आई सायांच्या सर्वोच्च मंडळावर आहे. बिबट्याचं रूप घेणाऱ्यांच्या टोळीबरोबर घरबांधणीचा एक करार होतो, त्या कामासाठी साशाला टोळीचा प्रमुख लुकास हंटर याच्याबरोबर बसावं लागतं. लुकास मात्र आला आहे तो एका खुन्याच्या मागावर, आणि तो खुनी सायांपैकी आहे.

चेंजलिंगांना, म्हणजे रूप बदलणाऱ्यांना, स्पर्शावाचून चैन पडत नाही. बोलता बोलता खांद्यावर हात, डोक्यावरून हात, लेकरं अंगाखांद्यावर. पण कुणी कुणाला कुठवर स्पर्श करायचा हे नात्यावर आणि होकारावर ठरतं. तो हक्क मिळवावा लागतो. भावना म्हणजे गुन्हा अशा घरात वाढलेली साशा या गोतावळ्यात येते, तेव्हा कुणीतरी सहज हात धरणं हीसुद्धा तिच्यासाठी केवढी घटना ठरते! शिवाय प्रत्येक सायचं मन सायनेट नावाच्या जाळ्याला जोडलेलं असतं, आणि तो धागा तुटला की मरण. म्हणजे प्रेम कबूल करायचं तर जाळं सोडायचं, आणि जाळं सोडलं तर जीव जाणार. मर्सीत भानगड एक आणि प्रेम दुसरं. इथे दोन्हींची मिळून एकच गाठ आहे. उत्तम पॅरानॉर्मल रोमान्स मी त्यावरूनच ओळखते. ज्या पुस्तकातून प्रेमकथा काढून घेतली तरी बाकीची गोष्ट उभी राहते, तो रोमान्स कच्चा.

स्लेव्ह टू सेन्सेशन या पहिल्या पुस्तकातच साशा-लुकासची गोष्ट पुरी होते. पुढच्या पुस्तकात नवी जोडी, त्यापुढे आणखी नवी. जुनी माणसं शेजारीपाजारी असल्यासारखी येत-जात राहतात, त्यांना मुलं होतात, आणि मागे सायलेन्स हळूहळू ढासळत जातं. पहिलं मोठं पर्व १५ पुस्तकांचं, २०१६ पर्यंत चाललेलं. लांडग्यांचा प्रमुख हॉक पहिल्या पुस्तकापासून दिसतो, पण त्याची स्वतःची गोष्ट येते दहाव्यात, किस ऑफ स्नोमध्ये. तोवर तो इतका ओळखीचा झालेला असतो की त्याचं मन वळताना पाहणं हा सोहळाच वाटतो. नलिनी सिंग फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली. तिच्या पुस्तकांतला गोतावळा, एकाच्या दुखण्याला दहा जण धावून येणं, मला माझ्या आजोळची आठवण करून देतं, आणि ती माझ्या लाडक्या लेखिकांपैकी एक आहे त्याचं हे मोठं कारण.

एक खटकणारी गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीच्या पुस्तकांत तिचे नायक फार मालकी गाजवतात. 'तू माझी आहेस' हे वाक्य ज्यांना सहन होत नाही, त्यांनी मर्सीच घ्यावी. अॅडमही हुकूमशहा आहे, पण मर्सी त्याला प्रत्येक वेळी जागेवर आणते.

शहराच्या बाबतीत मात्र मर्सीला तोड नाही. साय-चेंजलिंगमधलं सॅन फ्रान्सिस्को भविष्यातलं आहे, सुंदर आहे, पण पाठीमागच्या पडद्यावर राहतं. ट्राय-सिटीज म्हणजे कोलंबिया नदीकाठची केनेविक, पास्को आणि रिचलंड ही तीन गावं. जवळच हॅनफर्डचा जुना अणुप्रकल्प आहे, नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलंच. कोरडा उन्हाळा, शेतं, गॅरेज, आणि नदीकाठच्या खडकांवर मूळ रहिवाशांनी कोरलेली चित्रं. रिव्हर मार्क्डमध्ये त्याच नदीतून, त्याच चित्रांतून संकट उभं राहतं. पुणेकर वाचकाला हे समजायला वेळ लागत नाही. आपल्याकडे वेताळ टेकडीवर वेताळाचं देऊळ आहे, आणि पहाटे लोक तिथे बिनघोर फिरायला जातात. पेठेत मुंजाबाचा बोळ आहे, खुन्या मुरलीधर आहे. जुनी सत्ता अजून इथेच वस्तीला आहे आणि माणसं तिच्या कडेने रोजचा व्यवहार करतात, ही अर्बन फँटसीची सगळी मूळ कल्पना आपल्या पत्त्यांतच लिहिलेली आहे. नारायण धारपांवर पोसलेल्या वाचकांनी तर बेलाशक मर्सीकडे वळावं. धारपांच्या कथांत अमंगळ बाहेरून घरात शिरतं. इथे ते शेजारी भाड्याने राहतं, आणि त्याच्याशी दर महिन्याला निभावून न्यायचं असतं.

आता व्यवहाराचं. मर्सी स्वतः गोष्ट सांगते, साध्या, बोलत्या इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या मैत्रिणीने इंग्रजीतली पहिली कादंबरी म्हणून मून कॉल्ड वाचली आणि अडली नाही. वनाजला मेट्रोत बसून रामवाडीला उतरेपर्यंत एखादं प्रकरण आरामात होतं. साय-चेंजलिंगमध्ये पहिल्या ५० पानांत नव्या संज्ञांचा मारा आहे, तेवढा नेटाने काढावा. शरीरसंबंधांची वर्णनं तिथे सविस्तर आहेत आणि ती गोष्टीचा भाग आहेत, कारण स्पर्श हाच विषय आहे. मर्सीत अशा वेळी बहुतेकदा दार लोटलं जातं.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर, किंवा डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो तिथे, मालिकेतलं मधलंच पुस्तक हाती लागलं तर? साय-चेंजलिंगचं खुशाल घ्या, जोडी नवी असल्यामुळे गोष्ट कळते. मर्सीचं मधलं पुस्तक परत ठेवा. त्यातली गंमत आधीच्या पुस्तकांत साठवलेली असते.

मग कुणी काय घ्यावं? ज्यांना एका बैठकीत रडून, हसून, पुस्तक मिटताना तृप्त व्हायचंय, ज्यांच्या परीक्षा जवळ आहेत किंवा पिल्लं लहान आहेत आणि मालिकेत अडकायला सवड नाही, त्यांनी साशा. ज्यांना एकाच बाईबरोबर वर्षानुवर्षं राहायचंय, तिला थकताना, शहाणी होताना पाहायचंय, त्यांनी मर्सी. मला स्वतःला एकच निवडायला लावलं तर मी मर्सी निवडेन, आणि निवडताना साशासाठी वाईट वाटेल.

दोन्हींच्या मधली वाट हवी असेल तर इलोना अँड्र्यूज. या नावामागे नवरा-बायकोची जोडी आहे. त्यांची केट डॅनियल्स मालिका अटलांटात घडते, २००७ ते २०१८, दहा मुख्य पुस्तकं आणि गोष्ट पूर्ण. तिथे जादूची लाट आली की बंदुका, दिवे, गाड्या सगळं ठप्प. लाट ओसरली की यंत्रं पुन्हा सुरू. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तसंच, फक्त आधी सूचना नाही. केट आणि तिचा नायक करन यांची नोकझोक मर्सी-अॅडमपेक्षा तिखट आहे आणि प्रेमाला साशासारखीच मोठी किंमत आहे. पण पहिलं पुस्तक, मॅजिक बाइट्स, कच्चं आहे. मी ते कुणाला पहिल्याप्रथम देत नाही. तिसऱ्यापर्यंत धीर धरण्याइतका विश्वास या प्रकारावर बसला की मग देते.

मर्सी घेणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. तिसऱ्या पुस्तकात, आयर्न किस्डमध्ये, शेवटाकडे मर्सीवर बलात्कार होतो. ब्रिग्जने तो प्रसंग चघळलेला नाही, पण तो अंगावर येतो. ज्यांना ते वाचणं शक्य नाही त्यांनी मालिका दुसऱ्या पुस्तकाशी थांबवली तरी काही बिघडत नाही. वाचणार असाल तर चौथं, बोन क्रॉस्ड, आधीच घरात आणून ठेवा. ते तिथूनच पुढे सुरू होतं. मर्सीला धाप लागते, हातपाय गार पडतात, अॅडमच्या जवळ जायचं असूनही जाता येत नाही, आणि लेखिका तिला बरं व्हायला हवा तेवढा वेळ देते.