गावाकडच्या आईवडिलांचं खातं कुठे ठेवावं: शाखा, पोस्ट, बँक मित्र की मोबाईल?

मुंबईत राहून गावचे पैशाचे व्यवहार बघणाऱ्या चाकरमान्यांना हा प्रश्न आता टाळता येत नाही. शाखेत माणसं कमी झालीत, ओळखीचे साहेब बदलून जातात, आणि काउंटरवर 'ॲपवरून करा' असं उत्तर मिळतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकसुद्धा १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. व्याजदर सगळे बघतातच. मी अडचणीच्या दिवशी कोण उपयोगी पडतं ते बघतो.

मोबाईल वीजबिलाला आणि मुंबईहून पैसे पाठवायला उत्तम. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि रेंज कितीतरी दिवस नव्हती. शिवाय 'केवायसी संपलंय' म्हणणाऱ्या फोनला वयस्क माणसं पटकन घाबरतात. म्हणून मोबाईलला जोडायचं ते थोड्या पैशांचं वेगळं खातं. पेन्शनचं खातं नको. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि बँकेत लेखी तक्रार.

बँक मित्र, म्हणजे बँकेने गावात नेमलेला प्रतिनिधी, वाडीच्या जवळ असतो, ही त्याची मोठी सोय. आधारवर अंगठा टेकवून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. अडचण अंगठ्याचीच आहे. जन्मभर काजू फोडलेल्या बायकांच्या बोटांवर रेषा राहत नाहीत. चिकाने कातडी सोललेली असते. पदराला अंगठा पुसायचा, टेकवायचा, मशीन नाही म्हणतं, दुसरं बोट लावायचं. मागे रांग उभी असते आणि ती बाई उगाच ओशाळते. स्वतःच्याच पैशांसाठी तिला असं उभं राहावं लागणं मला सहन होत नाही. बोट लागलं तरी रक्कम मोठ्याने विचारून घ्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये.

ठेवीसाठी माझं मत पोस्टाला. मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणाला पोस्ट परकं नाही, आणि तिथल्या बचत योजनांच्या पैशाला सरकारची हमी असते. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन घरी येऊनही पैसे देतो. या खात्यात मात्र दिवसअखेर २ लाखांहून जास्त ठेवता येत नाहीत, आणि ही बँक स्वतः कर्ज देत नाही. गावचं पोस्ट काही तासच उघडं असतं, तेही लक्षात ठेवा.

आंबा-काजूची बाग असेल तर जिल्हा सहकारी बँकेला पर्याय नाही. तिचं पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून येतं आणि सातबारा समोर ठेवल्यावर तिथल्या माणसाला बाग कुठली ते कळतं. कुठल्याही बँकेत, सहकारी धरून, ठेवीला विम्याचं संरक्षण व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. ओळखीच्या चेअरमनच्या भरवशावर निवृत्तीची पुंजी तिथे टाकू नका.

राहिली राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. सही जुळेना, वडील गेल्यावर खातं सोडवायचं, पैसे भलत्याच खात्यात गेले, अशा वेळी समोर माणूसच लागतो. वडिलांचा हात थरथरतो हे ठाऊक असलेला कॅशियर दोन साक्षीदार बोलावून अंगठा घेतो. ॲपकडे याला उत्तर नाही. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. तोंडी विचारलं तर टोलवतात, लेखी अर्ज द्या.

म्हणून पेन्शनचं मुख्य खातं एका एसटीत पोचता येईल अशा शाखेतच राहू द्या. आपल्या सोयीसाठी ते मुंबईच्या शाखेत हलवू नका. गणपतीला गावी जाल तेव्हा सुट्टीचा दिवस टाळून आईवडिलांना घेऊन शाखेत जा. खातं दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं करा आणि नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. फॉर्म दिल्याची पोच मागून घ्या आणि पासबुक भरूनच निघा.