जेवण झकास, कालवा फुकट
आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या एका खानावळीत (नाव नाही घेत, उगं बोभाटा नको) रविवारी दुपारी गेलो होतो, कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही, चव एक नंबर, चटणी नीट कुटलेली, तेल सुटून बोटाला लागत होतं. पण बिलात दोन भाकऱ्या जास्त लावल्या. विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणे, "आवो साहेब, दोन भाकरीसाठी एवढा कालवा कशाला?" आता आमच्याकडं कालवा म्हणजे आरडाओरडा, सोबतचा पुण्याचा पाहुणा बिचारा पाण्याचा कालवा समजला. मी तर आवाजबी चढवला नव्हता, गलका सगळा त्यांच्याच किचनमधून चालू होता, आणि गलक्याला चार माणसं लागतात, बोभाट्याला एक तोंड पुरतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या "गोंधळ नका घालू ओ". अहो, गोंधळ घालायचा तो तुळजापूरच्या आईचा, संबळ-तुणतुण्यावर, बिलावर घालून वाया कशाला घालवू. (गहजब कुणीच म्हणलं नाही, तो पेपरातच होतो.) शेवटी पैसे परत दिले, वर ताक पाजलं. चार स्टार, एक कालव्याचा कापला.