मराठी कादंबरीसाठी किंडल पेपरव्हाइट घ्यावं का?
घ्यावं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात छापील पुस्तकं दमट होतात; ईबुक वाचायचं ॲमेझॉनचं हे यंत्र, म्हणजे २०२१ चं ६.८ इंची पेपरव्हाइट, पाण्यालाही दाद देत नाही. ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) पडद्यावर रफार, अनुस्वार, जोडाक्षरं स्वच्छ उमटतात. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आडवं पडून वाचायची तर याच्यासारखं सुख नाही!

घोळ होतो तो स्कॅन केलेल्या पीडीएफचा. तिथं पान म्हणजे चित्रच, त्यामुळे अक्षर वाढवता येत नाही. पडदा आडवा करून पान तुकड्यातुकड्यानं वाचावं लागतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल रूपांतरित केली तर मजकुराचा पार विचका होतो. युनिकोडमधली (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतातली) ईपब, म्हणजे ईबुकची फाइलच घ्या आणि ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेनं यंत्रावर पाठवा. ईबुक न निघालेल्या जुन्या कादंबऱ्यांसाठी मात्र कोल्हापूरचं १८५० पासूनचं ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर गाठावं.