अमेरिकेतून भारतीय पासपोर्ट रिन्यू करताना: व्हीएफएसची टपाल सेवा घ्यावी का?

साधं री-इश्यू (जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट) असेल, म्हणजे नाव तेच, जुना पासपोर्ट हातात आणि कारण फक्त मुदत संपत आल्याचं, तर बिनधास्त टपालाने पाठवा. त्यासाठी सुट्टी टाकून व्हीएफएसचं सेंटर गाठायची गरज नाही. पासपोर्ट लहान मुलाचा असेल, हरवलेला असेल किंवा नावात बदल हवा असेल, तर मात्र अपॉइंटमेंट घेऊन कागद समोर ठेवलेले बरे. अशा फाइलमध्ये एखादं जोडपत्र चुकलं तर ते काउंटरवर तिथल्या तिथे कळतं. टपालात तेच कळायला पाकीट पोचून तपासलं जावं लागतं.

व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीकडे अमेरिकेतलं भारतीय पासपोर्टचे अर्ज घेण्याचं काम नोव्हेंबर 2020 पासून आहे. त्यांचं काम कागद गोळा करणं, यादीशी ताडून पाहणं आणि पुढे पाठवणं. पासपोर्ट द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते. कोणती वकिलात, हे तुम्ही राहता त्या राज्यावर ठरतं: न्यू जर्सीवाल्यांना न्यूयॉर्क, टेक्सासला ह्यूस्टन, इलिनॉयला शिकागो, व्हर्जिनियाला वॉशिंग्टन. सुरुवातीलाच चुकीची वकिलात निवडली तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

या सेवेतली खरी डोकेदुखी म्हणजे दोन वेबसाइट. आधी सरकारच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरून एआरएन (अर्जाचा संदर्भ) क्रमांक घ्यायचा, तो अर्ज छापायचा. मग व्हीएफएसच्या साइटवर तोच क्रमांक टाकून पैसे भरायचे, कुरियरची लेबलं घ्यायची आणि चेकलिस्ट छापायची. तीच माहिती दोनदा टाइप होते आणि फरक पडतो तो इथेच. जुना पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून अक्षर न् अक्षर ताडा.

मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. आपल्या बहुतेक पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळं. अमेरिकेतल्या लायसन्सवर मधलं नाव नुसत्या आद्याक्षरापुरतं उरलेलं असतं. ते पाहून फॉर्म भरू नका. लग्नानंतर फक्त मधलं नाव बदलायचं असेल, आडनाव तेच ठेवायचं असेल, तरी तो नावातला बदलच आहे. कारणाच्या जागी नुसतं मुदत संपल्याचं लिहिलं तर नवा पासपोर्ट जुन्याच नावाने छापून येईल. बदलाचा पर्याय निवडून विवाह प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दुसरी अडचण फोटोची. 1 सप्टेंबर 2025 पासून भारतीय वकिलातींनी आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषांचे फोटो सक्तीचे केले आहेत: पांढरी पार्श्वभूमी, चेहरा फोटोच्या 80 ते 85 टक्के, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चष्मा शक्यतो नको, डिजिटल फाइल 630 बाय 810 पिक्सेल. अमेरिकेतल्या फार्मसीत मिळतो तो अमेरिकन पासपोर्टचा चौकोनी फोटो. त्यांच्या नियमानुसार डोकं उंचीच्या 50 ते 69 टक्केच असतं, म्हणजे आपल्यासाठी चेहरा लहान पडतो. 'पासपोर्ट फोटो द्या' एवढंच सांगू नका, निकष छापून दुकानात दाखवा. फोनवर काढत असाल तर दीड मीटरवरून काढा. सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान येतात. गोरेपणाचा फिल्टर, मागची भिंत सॉफ्टवेअरने पुसणं, हे काही चालत नाही.

सही चौकटीच्या आत हवी, रेषेला टेकली तरी नको. सही न येणाऱ्या लहान मुलाचा अंगठा घेतात, मुलाचा डाव्या हाताचा आणि मुलीचा उजव्या हाताचा. शाई पातळ लावा, नाहीतर रेषाच दिसत नाहीत आणि नुसता डाग उरतो.

कागदांमध्ये मूळ पासपोर्ट द्यावाच लागतो, त्यामुळे तेवढे दिवस परदेशप्रवास बंद. सोबत पासपोर्टच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची प्रत, अमेरिकेतल्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा (एच-1बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर आय-797 हे मंजुरीपत्र, विद्यार्थ्यांना आय-20 हे कॉलेजकडून मिळणारं प्रमाणपत्र, ग्रीन कार्ड असेल तर दोन्ही बाजू) आणि पत्त्याचा पुरावा. नुकतंच घर बदललेल्यांची फाइल या शेवटच्या कागदापाशी अडकते: फॉर्मवर नवा पत्ता, लायसन्सवर जुना. आधी लायसन्स बदला किंवा नव्या पत्त्याचं वीजबिल वा भाडेकरार लावा. मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं 'ॲनेक्शर डी' हे घोषणापत्र लागतं. पासपोर्ट हरवला असेल तर पोलिस रिपोर्ट आणि 'ॲनेक्शर एफ' हे पासपोर्ट हरवल्याचं प्रतिज्ञापत्र. चेकलिस्टमध्ये नोटरी मागितली असेल तर आधी आपल्या बँकेत विचारा, अनेक बँका खातेदारांना ती फुकट करून देतात.

मोठ्यांच्या 36 पानी पासपोर्टचं मूळ सरकारी शुल्क 75 डॉलर आणि 60 पानीचं 100. सेवाशुल्क आणि कुरियर वेगळं. सतत प्रवास असेल तर 25 डॉलर जास्त देऊन मोठी पुस्तिका घ्याच, कारण पानं संपली की जादा पानं जोडून मिळत नाहीत, पुन्हा री-इश्यू करावं लागतं.

अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो, आणि तो तेव्हाच करावा. अनेक देश सहा महिने शिल्लक मुदत मागतात, हे एक कारण. पण अमेरिकेतल्या व्हिसाधारकांसाठी त्याहून गंभीर बाब आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीची आहे. अमेरिकेत शिरताना पासपोर्टची मुदत व्हिसा मंजुरीच्या मुदतीआधी संपत असेल, तर अधिकारी आय-94 पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतात. नंतर नवा पासपोर्ट आला तरी ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. आय-797 वर तीन वर्षं दिसतात म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि वास्तव्य बेकायदा ठरण्याची वेळ येते. अमेरिकेत परतल्यावर आय-94 ऑनलाइन उघडून तारीख बघाच.

जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. त्यातला अमेरिकन व्हिसा मुदतीत असेल तर चालतो, दोन्ही पुस्तिका सोबत ठेवायच्या. व्हिसाचं पान सोडवून नव्यात चिकटवायचा प्रयत्न कधीही करू नका, व्हिसा बाद होतो. पाकीट हातात पडल्यावर नाव, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं आणि सही तिथेच तपासा, आणि व्हिसाच्या पानाला कात्री लागलेली नाही ना, तेही बघा.

घरी कुणाचं तातडीचं आजारपण आलं आणि पासपोर्ट हरवलेला वा संपलेला असेल, तर या टपालाच्या वाटेला जाऊच नका. वकिलातीकडे 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मागा. ते भारतात जाण्याच्या एकाच फेरीपुरतं असतं. परत यायला भारतातून नवा पासपोर्ट काढावा लागतो आणि जुन्यासोबत व्हिसाही गेला असेल तर तोही. पासपोर्टचा नंबर बदलत असल्याने आधी काढलेली विमानाची तिकिटं, भरलेला डीएस-160 (अमेरिकन व्हिसाचा अर्ज) आणि भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्याचं केवायसी या तिन्ही ठिकाणी नवा नंबर कळवा.